उन्हाकडे तोंड करून

बसथांब्याच्या काचेआडचं पोस्टर गुनिलाने आधी नीट पाहिलंच नाही. दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून सुटून तिने केळी आणि राईचा पाव घेतला होता आणि आता ती बसची वाट बघत उभी होती. मे महिना. उप्सालात या दिवसांत संध्याकाळ म्हणून काही नसतंच, दुपारच लांबत लांबत जेवणाच्या टेबलापर्यंत येते. पोस्टरवर एक फूल होतं, मान खाली घातलेलं, जांभळ्या चौकटींचं. ते पाहून तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की छापताना लाल जरा जास्तच झालाय. मग तिला फुलाच्या पोटातली काळी सावली दिसली. पाकळीच्या पलीकडे बसलेला भुंगा, पाय दुमडलेला, पाठीवरची लव कडेने पेटल्यासारखी. तो भुंगा तिच्या ओळखीचा होता. रस्त्यात एखादा चेहरा दिसावा, हा आपला कोण बरं असं वाटावं, आणि तो आपलाच दुकानाच्या काचेतला चेहरा निघावा, तसं झालं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आल्वार लिंडेल : पाणपक्षी आणि अखेरचं फूल’. त्याखाली शहर वाचनालयाचं नाव, शनिवार, दुपारी दोन. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, ती हलली नाही, दार मिटलं. केळ्यांची पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली. अखेरचं फूल. आल्वारने, तिच्या गेलेल्या नवऱ्याने, जन्मात एकाही फुलाचा फोटो काढला नव्हता.

फुलांची तो चेष्टाच करायचा. “फूल काय पळून जातंय?” म्हणायचा. “फुलाचा फोटो काढणं म्हणजे बटाट्याचा पाठलाग करणं.” तो नगरपालिकेत भूमापक होता. दिवसभर तीन पायांच्या यंत्रातून लांबचं बघायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या तीन पायांवर लांबलचक भिंग चढवून पाणपक्ष्यांकडे बघायचं, एवढे दोनच उद्योग. करकोचे, पाणडुब्या, एकदा एक पाणकोंबडी, तिच्यावरून तो आणि रुने आठवडाभर भांडले होते. रुने त्याचा मित्र, तीस वर्षांपासूनचा. दोघं पाण्याकाठच्या लव्हाळ्यात एका हिरव्या तंबूत पहाटेपासून गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि दुपारी घरी येऊन सांगायचे, काही नाही मिळालं. आणि ते सांगताना दोघांचे चेहरे असे तृप्त असायचे की गुनिलाला वाटायचं, हे पक्षी बघायला जातच नाहीत, गप्प बसायला जातात. रुनेने लग्न केलं नाही. नाताळच्या दिवशी तो त्यांच्याकडेच असायचा, त्यांची मुलगी यिल्वा लहान होती तेव्हा तिच्यासाठी दरवर्षी चुकीच्या मापाचे मोजे आणायचा. पोस्टर त्यानेच केलं असणार. आल्वारच्या फोटोंची डिस्क तिने स्वतःच हिवाळ्यात त्याच्या हातात दिली होती, न उघडता. हे सगळं तूच बघ, मला नको, असं म्हणून. त्यात आपणही आहोत हे तेव्हा तिच्या ध्यानात नव्हतं.

पुढची बस तिने घेतली. खिडकीतून नदी दिसली, नदीपलीकडचं कुरण नाही दिसलं, ते अजून बरंच खाली होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत आल्वारचा पलंग दिवाणखान्यात खिडकीशी आणला होता. आजार पाठीच्या कण्यात उतरला होता, आणि घरी येणाऱ्या नर्सने हळू आवाजात सांगितलं होतं की आता बाहेर जाणं नाही. एका संध्याकाळी तो म्हणाला, “खालच्या कुरणात लिली आल्या असतील.” त्याच्या तोंडी लिली ऐकून ती चकित झाली. “तुला काय करायच्यात लिली?” “काही नाही. आल्या असतील एवढंच म्हटलं.” आणि जरा वेळाने, “जाऊन बघून ये. कॅमेरा घेऊन जा, नाहीतर तू नुसतं ‘छान होत्या’ म्हणशील.” कॅमेऱ्यावर लांब भिंग चढवलेलंच होतं. ते काढून दुसरं लावायचं तिला येत नव्हतं आणि त्याला पलंगावरून जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ती तशीच गेली, पाच-सहा महिन्यांचं मूल छातीशी धरावं तसं ते धूड धरून, दुसऱ्या हाताने सायकल ढकलत. त्या कुरणात वाटेवरून खाली उतरता येत नाही. लिली आल्या की शहर तिथं पायवाटेला दोरी लावतं. बाकीचे लोक छोटे कॅमेरे उंचावून हळहळत होते. तिच्याकडे मात्र पक्ष्यांसाठीचं भिंग होतं, पक्षीही जवळ येऊ देत नाहीतच. ती वाटेच्या कडेला पोटावर झोपली, खाली रेनकोट अंथरून. वाळल्या पिवळ्या वाटाण्यांनी भरलेली पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यावर भिंग टेकवलं. ती पिशवी आल्वारची. रुने नेहमी म्हणायचा, उपाशी राहायची वेळ आली तर हिचं सूप करू.

फोनचा इयरफोन तिच्या कानात होता. पलंगावरून आल्वार बोलत होता. “ऊन कुठंय?” “माझ्या मागे.” “मग उठ. पलीकडे जा. ऊन समोर घे.” “डोळ्यांत येतंय.” “येऊ दे. तुझ्या डोळ्यांत नाही, फुलाच्या पाठीत यायला पाहिजे.” ती उठायची, वळसा घालून जायची, पुन्हा झोपायची. “आता मागे काय आहे?” “गवत.” “गवत नको. झाडांची सावली घे मागे. काळं पाहिजे. खाली हो.” “झोपलेय मी, आल्वार, याच्या खाली जमीन आहे.” “मग जमिनीत जा.” घरी आल्यावर ती कॅमेरा त्याच्या हातात द्यायची आणि तो मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढे ढकलायचा. कचरा. कचरा. हललीस. हे बरं होतं पण मागे ती बाई कोण? कचरा. गुनिलाला राग यायचा, पण दवाखान्यात तिने आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेलं, दिवा अंमळ वर, दिवा डावीकडे, सक्शनची नळी. कुणी असं तुटक बोललं की तिचे हात आपोआप बोलणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे हलायचे. रोज संध्याकाळी ती जाऊ लागली. यिल्वा माल्मोहून फोन करायची तेव्हा तिला ते विचित्र वाटायचं. “बाबा घरी पडलाय आणि तू गवतात लोळतेस?” “तोच पाठवतो.” “आणि तू जातेस.” हो, जाते. त्या वेळी गुनिलाने याचं उत्तर शोधलं नव्हतं.

घरी येऊन तिने केळी ताटलीत ठेवली आणि उभ्या उभ्याच रुनेला फोन लावला.

“रुने, पोस्टर बघितलं.”

“बघितलंस? कसं झालंय? छापखान्यात दोनदा जाऊन आलो मी. पहिल्यांदा त्या गाढवांनी फुलाचं देठच कापलं होतं.”

“ते फूल मी काढलंय.”

मग रुनेचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा तिला अजिबात आवडला नाही. “हो गं. तू तर त्याचे हातपाय झाली होतीस.”

“हातपाय नाही. मी काढलंय. तो इथं पलंगावर होता, मी कुरणात होते.”

“गुनिला, त्याने स्वतः दाखवलंय मला. शेवटचा भेटायला आलो त्या गुरुवारी. तू आत सूप करत होतीस. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हे माझं शेवटचं.”

“असं म्हणाला?”

“मी कानांनी ऐकलंय. आणि खरं सांगू? त्या फोटोत तो आहे. भुंगा यायची वाट बघणं, तेवढा वेळ न हलता पडून राहणं, ते दुसऱ्या कुणाचं काम नाही. कुठल्यातरी दिवशी तू त्याला चाकाच्या खुर्चीतून नेलं असशील, आता तुझ्या लक्षात नसेल. त्या दिवसांत कुणाच्या काय लक्षात राहतं?”

माझ्या लक्षात सगळं आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तिने फोन ठेवला आणि एक केळं खाल्लं. मग पुन्हा तिला तेच वाक्य ऐकू आलं. हे माझं शेवटचं. आल्वार खोटं बोलत नसे. उद्धट होता, चिक्कू होता, लोकांची नावं विसरायचा, पण खोटं नाही; जमीन मोजणाऱ्याला खोटं बोलून चालत नाही, हा त्याचाच शब्द. मग हे काय? औषधांचा अंमल? शेवटी शेवटी तो मधूनच भलतं बोलायचा खरा, एकदा नर्सला म्हणाला होता, ओहोटी लागलीय, बोट काढा. समुद्र नसलेल्या उप्सालात कसली ओहोटी! किंवा रुनेसमोर मान खाली जाऊ नये म्हणून? फुलांवर आयुष्यभर हसलेला माणूस, हातात असा फोटो आला, आणि बायकोने काढलाय म्हणायला जीभ उचलली नाही? तिने स्वतःला विचारलं, तुला राग आलाय का. आला होता. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते चाचपताना तिला लाज वाटत होती.

यिल्वाने मात्र फोनवर सगळं ऐकून लगेच विचारलं, “म्हणजे बाबाने चोरला?”

“चोरला म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू? उसना घेतला? आई, शनिवारी सगळ्यांसमोर सांगून टाक. तू कायम अशीच करतेस.”

“काय करते?”

“दिवा धरतेस. दुसऱ्यांच्या तोंडावर.”

हे मुलीने सहज म्हटलं आणि पुढे गाडीच्या टायरबद्दल बोलू लागली. गुनिलाला ते लागलं नाही. दिवा धरणं काही वाईट काम नव्हतं. तिला त्यातलं कळत होतं. गालाच्या आतून उजेड आला तर दाताची चीर दिसते, समोरून टाकला तर नुसता दात दिसतो पांढरा. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न त्या संध्याकाळचा होता.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. कुरणात फारसं कुणी नव्हतं, दोरीपाशी एक म्हातारा कुत्र्याला पाणी पाजत होता. ती झोपली, पिशवी मांडली, आणि आल्वार कानात सुरू झाला. ऊन कुठंय. मागे काय. कुठलं फूल धरलंस. ते नको, त्याचं तोंड तिकडे आहे. अजून डावीकडे. तू ऐकत नाहीस. गुनिला, तू ऐकत नाहीस. भिंगात तेव्हा एकच फूल होतं, बाकी सगळं विरघळलेलं. इतक्या लांबून बघितलं की फुलाच्या पुढचं आणि मागचं उरतच नाही, नुसती ओल उरते, रंगाची. मागे काठावरच्या झाडांची सावली होती आणि तिच्या वर ऊन एकदम आडवं येत होतं, डास त्यात पिठासारखे तरंगत होते. फुलाच्या पाकळ्या कागदाहून पातळ, त्यांतल्या चौकटी रफू केल्यासारख्या उभ्या-आडव्या दिसत होत्या. आणि तेवढ्यात एक भुंगा खालून आत शिरला. फूल जरासं डुललं आणि थांबलं. आत तो चालत होता, त्याची सावली पाकळीवर मोठी होत होती, लहान होत होती. “काय चाललंय? बोल ना,” आल्वार म्हणाला. तिने कानातून इयरफोन काढला आणि फोन बंद केला. विचार करून नाही, आणि अगदी न करताही नाही. गवतातून तिला तिचा स्वतःचा श्वास ऐकू आला. किती दिवसांनी ऐकला होता कोण जाणे. घरात आल्वारचा श्वास ऐकायची सवय झालेली, तो लागतोय की नाही, अडकतोय की नाही. आपलाही चालू असतो हे ती विसरलीच होती. भुंगा बाहेर आला, दुसऱ्या फुलात गेला, पुन्हा याच फुलात आला. ती हलली नाही. कोपराखाली खडा रुतत होता, तो तिने रुतू दिला. घरी एक माणूस मरत होता आणि ती पालथी पडून आनंदात होती. आनंदच. दुसरा शब्द तिला तेव्हाही सुचला नव्हता आणि वर्षभरातही नाही. मग भुंगा पाकळीच्या मधोमध, उजेडाच्या बरोबर समोर, पाय दुमडून क्षणभर बसला, आणि तिने बटण दाबलं.

फोन चालू केला तेव्हा त्याचे बरेच फोन येऊन गेलेले होते. सायकल तिने जवळजवळ पळवतच आणली. आल्वारची उशी घसरली होती आणि तो एका कुशीवर कलंडून पडला होता, मान वाकडी. त्याने विचारलं नाही, फोन का बंद होता. तिनेही सांगितलं नाही. त्याला सरळ केलं, पाणी पाजलं. मग त्याने हात पुढे केला, कॅमेऱ्यासाठी. फोटो पुढे ढकलत गेला, कचराही म्हणाला नाही, आणि तिथं येऊन थांबला. बराच वेळ. पडद्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. ती शेजारी उभी होती, शाळेत निकालाच्या दिवशी उभी राहावी तशी. त्याने कॅमेरा पांघरुणावर ठेवला आणि म्हणाला, “भूक लागली.” कित्येक दिवसांत त्याने काही मागितलं नव्हतं. तिने रव्याची खीर केली, वर दालचिनी घातली. तो दोन चमचे जेवला. त्या फोटोबद्दल तो तिच्याशी कधी एक शब्द बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर उरलेल्या दिवसांतही नाही. तिने धरून चाललं होतं की त्याला आवडला नाही, किंवा त्याला कळलं. काय कळलं, याचा विचार ती अर्ध्यावर सोडून द्यायची.

शनिवारी ती निळा सदरा घालून गेली. गप्प बसायचं असं बसमध्ये ठरवलं होतं. माणूस गेला, एक फोटो त्याच्या नावावर राहिला तर राहिला. आपण कुठे फोटोवाले आहोत! वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर भिंतीवर आल्वारचे पक्षी ओळीने लावले होते. करकोचे धुक्यात. पाठीवर पिल्लू घेतलेली पाणडुबी. ते चांगलेच होते, आणि त्यांच्यासमोरून जाताना तिला तिच्या नवऱ्याबद्दल साधा, जुना अभिमान वाटला. शेवटच्या भिंतीवर एकटं तिचं फूल होतं, दारापेक्षा थोडंच लहान. एवढं मोठं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. भुंग्याच्या पायावर परागाचा गोळा होता, तोही दिसत होता. समोर आल्वार-रुनेच्या पक्षी-क्लबातली माणसं उभी होती, बरीचशी वयस्क, खिसेवाल्या जाकिटांतली. मेर्ता म्हणून एक पक्षीवाली बाई होती, आवाज जाड, ऐंशी ओलांडलेली. ती काठीवर रेलून फोटोच्या अगदी जवळ गेली होती. दुसरी एक अनोळखी बाई डोळे पुसत होती. ही रडतेय कशाला? यात रडण्यासारखं काय आहे?

गुनिला कडेच्या खुर्चीत बसली आणि रुने बोलायला उभा राहिला. त्याने टाय लावला होता, तो त्याला काचत होता. तंबूतल्या गोष्टी सांगितल्या, पाणकोंबडीचं भांडण सांगितलं, लोक हसले. मग तो त्या फुलाकडे वळला. “आणि हे,” तो म्हणाला, आणि त्याने टायची गाठ ओढली. “आयुष्यभर पक्ष्यांमागे गेलेला हा माणूस, शेवटी त्याच्याने उठवतही नव्हतं. पण मरणाच्या दारात पडूनही त्याने उन्हाकडे तोंड केलं. हे बघा, सगळीकडे काळोख आहे. मधे एक फूल, आणि आत कुणीतरी अडकलंय. बाहेर यायची वाट शोधतंय.” अनोळखी बाईने पुन्हा डोळ्यांना रुमाल लावला. गुनिलाला वाटलं, नाही. अडकलेलं नाहीये. तो येत होता, जात होता, खाली सगळं उघडं असतं. तो काळोख नाही, ती झाडं आहेत, काठावरची, आणि त्यांच्या मागे लोक जेवायला बसले होते, हसण्याचे आवाज येत होते. तो जेवत होता, तो भुंगा. “गुनिला, तू दोन शब्द बोलतेस?” रुने म्हणाला.

ती जागची उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “पक्षी आल्वारचे आहेत. हे माझं आहे.”

लोक प्रेमाने हसले. कुणीतरी मानही डोलावली. रुनेने फोनवर लावला होता तोच मऊ आवाज आता सगळ्या खोलीत पसरल्यासारखं तिला झालं.

मग ती उठली. “तसं नाही,” ती म्हणाली. “मी काढलंय. कुरणात, पोटावर झोपून, त्याच्या भिंगाने. तो घरी होता. रोज तो फोनवरून सांगायचा, असं झोप, तसं झोप, आणि त्यातलं बरंच मला उपयोगी पडलं. ऊन समोर घ्यायचं त्याने शिकवलं. पण त्या दिवशी मी फोन बंद केला. कंटाळले होते. तो घरी हाका मारत होता आणि मी ऐकत नव्हते, मी हे बघत होते. आणि मला फार बरं वाटत होतं. म्हणजे, यात दुःख नाहीये. तुम्ही शोधू नका.” एवढं बोलून तिला काय करावं कळेना, म्हणून ती खाली बसली. अनोळखी बाईचा रुमाल हातातच राहिला.

मग मेर्ता काठी आपटत वळली. “भिंगाचं छिद्र किती ठेवलं होतंस?”

“पूर्ण उघडं,” गुनिला म्हणाली.

“आणि काचेवर ऊन नाही आलं? धूसर नाही झालं काही.”

“रेनकोटची बाही धरली वरून. डाव्या हाताने.”

“हं,” मेर्ता म्हणाली, आणि पुन्हा फोटोकडे नाक नेलं. “मी टोपी धरते. टोपी उडते.” तिच्या मागोमाग आणखी एकाने विचारलं, किती लांबून, मग एकाने, भुंगा किती वेळ थांबला. गुनिला उत्तरं देत गेली, एकेक, मोजकी. वाचनालयाची मुलगी हळूच तिच्या कानाशी येऊन म्हणाली, “मग पाटी बदलायची का? मी आत्ता छापून आणते, वेळ नाही लागणार.” “बदला,” गुनिला म्हणाली. तिच्या नावाचं स्पेलिंग त्या मुलीने तळहातावर लिहून घेतलं. या सगळ्यात रुने कुठे दिसेना. केक कापला गेला, हिरव्या साखरेच्या पापुद्र्याचा, आल्वारला तो आवडत नसे. तिने दोन बश्या घेतल्या आणि बाहेर आली.

रुने वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसला होता, टाय सोडून. तिने एक बशी त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसली. चौकात विद्यार्थी उन्हात आडवे पडले होते. रुने केककडे बघत म्हणाला, “म्हणजे तो मला खोटं बोलला.”

तिने हा विचार केलाच नव्हता. फोटो परत घेताना आपण रुनेकडून काय घेतोय, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती शेवटची भेट होती त्यांची. पुढच्या गुरुवारी आल्वार कुणाला ओळखत नव्हता.

“तीस वर्षं,” रुने म्हणाला. “त्या तंबूत. मला कशाला खोटं बोलायचं? मी काय परका होतो? बायकोने काढलाय म्हणाला असता तर मी हसलो असतो का? हसलो असतो. पण थोडंच.”

“काय म्हणाला होता तो?”

“सांगितलं ना.”

“तसं नाही. नेमकं काय म्हणाला? त्याच्या शब्दांत.”

रुनेने चमचा बशीत ठेवला. म्हातारा झाला होता, ते तिला या उन्हात दिसलं. कानांच्या पाळ्या आरपार लाल दिसत होत्या. तो डोळे मिटून बसला, तंबूत बसायचा तसा. “मी खुर्ची ओढली,” तो म्हणाला. “त्याने कॅमेरा दिला. त्याला पेलवेना, मी खालून धरला. हे फूल होतं. मी म्हटलं, अरे वा. मग तो...” रुने थांबला. “तो रडत होता, गुनिला. मी तुला सांगितलं नाही. त्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही, फोटोकडेच बघत बसलो.”

“आणि म्हणाला काय?”

“म्हणाला, ‘जमलं.’ मग म्हणाला, ‘शेवटी जमलं.’”

“एवढंच? ‘हे माझं’ असं नाही?”

“नाही. एवढंच.”

“कुणाला जमलं, ते म्हणाला?”

रुनेने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग चौकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचे ओठ हलले, ते शब्द तो पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून बघत होता, असे, तसे, नव्या कानाने. “कुणाला म्हणजे?” तो सावकाश म्हणाला. “मी विचारलं नाही.” आणि मग त्याचा चेहरा एकदम मोडला, लहान मुलाचा मोडतो तसा, आवाज न करता, खांदे हलायला लागले. गुनिलाने त्याच्या गुडघ्यावरची बशी उचलून आपल्या मांडीवर घेतली, नाहीतर केक पायरीवर पडला असता.